धर्मकाट्याची झूल

आमच्या धंद्यात किस्से कॉम्प्युटरमुळे नाही, संशयामुळे साचत गेले. बालाघाटला कापडाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. प्रकाशभाऊ मालक. वंदना स्क्रीन लिहायची, आणि मी त्या गावोगावी जाऊन बसवून द्यायचो. ट्रक-ट्रॅक्टर तोलणाऱ्या धर्मकाट्यांचं सॉफ्टवेअर हेच आमचं मुख्य काम.

*

स्क्रीन 'लिहायची' हेच आधी भाऊंना पटेना. ते माउसने बटण ओढून जागेवर ठेवणारे. वंदनानं एका फाईलमध्ये टोकदार कंसांत ओळी लिहिल्या, इथे चौकट, इथे बटण, आणि त्या ओळींचीच खिडकी होऊन समोर आली. भाऊंनी या भाषेचं नाव विचारलं. एक्स-यू-एल, पण म्हणायचं 'झूल', ती म्हणाली.

भाऊंनी माउस बाजूला सारला.

"बैलाची असते ते? तू मले बनवून तर नाही राह्यली?"

*

ती फाईल नोटपॅडमध्ये उघडते हे कळल्यावर भाऊ ती गुपचूप वाचायला लागले. एकदा त्यांना त्यात 'हिडन' हा शब्द सापडला. आम्हा दोघांना बोलावून, दार लावून त्यांनी विचारलं, कोणापासून काय लपवणं चाललंय?

वंदनानं शांतपणे सांगितलं, ते नोंद पुसायचं बटण आहे. काट्यावरच्या माणसाला ते दिसू नये, असं तुम्हीच म्हणाला होतात.

"हौ, म्हटलं होतं," भाऊ म्हणाले. "पण ते मले बी तर नाही दिसून राह्यलं."

*

मलाजखंडच्या एका ठेकेदाराचा फोन आला. वजन नोंदवायचं बटण करडं पडलंय, दाबलं जात नाही, आणि तुम्ही लोकांनीच ते बालाघाटहून बंद केलंय, असा त्याचा आरोप. मी म्हटलं, आधी गाडीचा नंबर टाका. त्यानं टाकला, बटण उजळलं.

"देखा? फोन करते ही चालू कर दिया."

त्यानंतर प्रत्येक गाडीला त्याचा फोन यायचा.

*

लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये मात्र गोष्ट हसण्यावारी जाईना. मिलमालक शेठजींना लांबून वाचता यावेत म्हणून स्क्रीनवर वजनाचे आकडे मोठे हवे होते. मी फाईल उघडून आकडे मोठे केले, आणि खिडकीबाहेरून ते गोमाजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पाहिलं. त्याच्या धानाचं वजन अंदाजापेक्षा कमी भरलं होतं.

"आकडा मोठा होते, तं कमी बी होत असन."

मी समजावलं, की आकडा येतो तो काट्यातून, या फाईलनं फक्त त्याचं रूप ठरतं. त्याच्यासमोर आकडा लाल केला, बारीक केला. वजन तेच राहिलं. तरी मागच्या एकाही ट्रॅक्टरवाल्यानं गाडी पुढे घेतली नाही. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

शेठजी बाहेर आले. काटा एकदम बरोबर आहे, एक किलोचाही फरक नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर शपथेवर सांगितलं.

गोमाजी म्हणाला, "मंग तुम्हीच उभे राहा."

काट्यावरून ट्रॅक्टर उतरवला. शेठजी काट्यावर मधोमध जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर शंभर आलं.

शेठजींनी आकडा पाहिला. "गलत है. मैं नब्बे का हूँ. ये ज्यादा बता रहा है."

गोमाजीनं खिडकीतून एकदा माझ्याकडे, एकदा शेठजींकडे पाहिलं.

"आमच्या धानाच्या वेळी काहून नाही सांगत जास्त?"