निळूआत्याचे खडे

माझ्या आत्याच्या नखांखालचा निळा रंग कधी गेलाच नाही, म्हणून घरात ती निळूआत्या. असेंद्रिय रसायनशास्त्रात आमच्याकडची पहिली बाई. तरुणपणी तिनं कोबाल्टचा एक नवाच क्षार बनवला, टपोऱ्या निळ्या खड्यांचा, आणि त्यावरच तिचं नाव झालं. माझी आई, म्हणजे तिची वहिनी, विचारायची, औषध आहे का ते? नाही. मग रंग? तोही नाही. मग कशाला एवढा खटाटोप, म्हणत आई भाजी निवडायला बसायची.

निवृत्तीच्या तोंडावर प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. फरशा चकचकीत, काचसामान कोरं. आणि तिथं तो क्षार बनेचना. रुसल्या जावयासारखा चंबू गुलाबी पाणी घेऊन नुसता बसून राही. विभागप्रमुख तिचाच जुना विद्यार्थी. त्यानं हळूच विचारलं, "बाई, तेव्हा बघण्यात काही चूक तर नव्हती ना?"

हे तिला झोंबलं. क्षार न बनवता ती घरी गेली, तर तो कधी बनला होता यावर कोण विश्वास ठेवणार?

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही, हे तिनं जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. तशीच तिनं आधी आम्लाची बाटली बदलली, मग बर्फ, मग चंबू. काही नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिचा धीर सुटला आणि तिनं सगळं एकदमच केलं. आईला कधी धुवायला न दिलेला जुना ॲप्रन तिनं चढवला, खिशातली झिजकी काचकांडी चंबूत आतून घासली, खिडकी उघडली, वर जादा आम्लही ओतलं. जेवणवेळेला तळ निळाशार.

प्रमुखानं माफी मागितली. मग विचारलं, कशानं झालं? आत्यानं ॲप्रन काढून पिशवीत घातला.

घरी आईनं हात पुढे केला. "वन्सं, आता तरी द्या तो ॲप्रन."

"बाहीवर जुन्या खड्याचा कण असेल, वहिनी. तोच विरजणासारखा लागला असेल. नाहीतर कांडीला असेल. आता तर सगळ्या खोलीत कण झाले, आता क्षार कसाही बनेल, कशानं ते कळायचं नाही."

"बरं झालं की. क्षार बनला ना?"

"बनला." ॲप्रन देऊनही तिनं बाही सोडली नव्हती. "पण मग पहिल्यांदा कशानं बनला गं? तेव्हा तर जुना कण कुठंच नव्हता."