एक पक्षी कमी

मी रसायनशास्त्र शिकवायला शाळेत लागलो, तेव्हा बूचताईंना प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं झाली होती. बाटल्या धुणं, द्रावणं तयार ठेवणं, लेबलं चिकटवणं, फुटलेल्या काचा वेचणं, सगळं त्यांच्याकडे. मी नवखा, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोणता नळ गळतो आणि कोणत्या कपाटाचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, ते सांगून टाकलं.

बूचताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. पुतणी शेवटच्या वर्षाला होती तेव्हा परीक्षेच्या धसक्याने तिचं जेवणखाण सुटलं. ती पुस्तक उघडून बसायची आणि ताई सोबत म्हणून शेजारी. हाताला चाळा हवा, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतलं एक टाकाऊ बूच दाढीच्या पात्याने कोरायला घेतलं आणि त्यातून चिमणी निघाली. चोच काडेपेटीच्या काडीची, डोळे तापवलेल्या दाभणाने टोचलेले. खालून एक भोक पाडलं, म्हणजे ती पेनाच्या मागच्या टोकावर बसे आणि लिहिताना डोले. पुतणी कितीतरी दिवसांनी हसली. पासही झाली. पुढच्या वर्षी तिच्या मैत्रिणींच्या बहिणी ताईंच्या मागे लागल्या, आणि मग शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला एक पक्षी मिळायचा रिवाजच पडला.

वर्षभर त्या जुनी बुचं डब्यात साठवायच्या. पक्षी देताना दरवर्षी एकच बजावायच्या, की बुचात काही नाही, अभ्यास करा. पण पक्षी नुसता पक्षी नसायचा. बडबड्या मुलीला उघड्या चोचीची साळुंकी, पहिल्या तासाला पेंगणाऱ्याला एक डोळा मिटलेलं घुबड. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष होतं, हे त्या पोरांना तेव्हा कळायचं.

मी तिथे गेलो त्याच वर्षी लेबलांचं एक प्रकरण झालं. शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती, लॉन्ड्रीवाल्यांची धाकटी. शाळेच्या मागच्या रस्त्याला तिच्या आईवडिलांचं दुकान होतं. अबोल, पण नजर चौकस. एके दिवशी तिने बाटलीचं बूच काढलं, वाफ बघितली आणि हात वर करून म्हणाली, की लेबल सौम्य आम्लाचं असलं तरी आत तीव्र आम्ल आहे. खरंच होतं ते. ताईंनी दोन बाटल्यांची लेबलं उलटसुलट चिकटवली होती. कुणाला इजा झाली नाही, पण गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत गेली आणि ताईंना लेखी ताकीद मिळाली. एकोणीस वर्षांतली पहिली.

ताईंनी ताकिदीवर सही केली. मुलीचं काही चुकलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना सलत राहिलं. "मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का तिला," एवढंच एकदा त्या माझ्याजवळ पुटपुटल्या.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पक्षी वाटायचा दिवस आला. मी त्या वेळी बाहेर होतो. पुढचं सगळं ताईंनीच मला नंतर सांगितलं. मुलं रांगेने टेबलापाशी येत होती. धाकटी शेवटून दुसरी होती. तिच्यासाठी पक्षी केलाच नव्हता. विसरल्या नव्हत्या. यादीत तिच्या नावापाशी थांबून, पुढचं नाव घेऊन त्यांनी पातं चालवलं होतं.

"बुचं संपली गं," त्या म्हणाल्या.

"चालेल, ताई," ती म्हणाली आणि बाजूला झाली. तिच्या मागच्या मुलाने आपला खंड्या घेतला.

ताईंना वाटलं होतं, मनातली सल जाईल. त्याऐवजी संध्याकाळी त्या ताटावरून अर्ध्यातच उठल्या. वहिनींनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. सकाळी लवकर उठून एक पक्षी करावा आणि गुपचूप नेऊन द्यावा, असं ठरवलं. पण मग खोटं उघडं पडणार. आज नको, उद्या, असं करता करता पेपर सुरू झाले. ताईंचं काम पर्यवेक्षकांना पाणी आणि पुरवण्या नेऊन द्यायचं. दारातून त्यांना अख्खा वर्ग दिसे. सगळ्या पेनांवर काहीतरी डोलत होतं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचं पेन तेवढं बोडकं होतं.

शेवटी प्रात्यक्षिक. ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंगाची पहिली छटा आली की तोटी बंद करायची. धाकटीच्या हातून पहिल्यांदा रंग गडद झाला. दुसऱ्यांदाही. ताई तिच्यामागे बाटली घेऊन उभ्या होत्या. मुलीने मान वळवून कोण आहे ते बघितलं, आणि तिसऱ्या वेळी तिच्या हातून शंकुपात्रच खाली पडलं. काचा ताईंनीच वेचल्या.

निकाल लागला. लेखी पेपरांत ती वर्गात चौथी होती आणि प्रात्यक्षिकात नापास. दोन महिन्यांनी फेरपरीक्षा होती, पण तोवर तिला हव्या त्या कॉलेजातल्या जागा भरणार होत्या.

बुचात काही नाही, हे ताईच आयुष्यभर सांगत आल्या होत्या. आता तेच वाक्य त्या स्वतःला ऐकवत होत्या आणि ते पटत नव्हतं. चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी एक टिटवी कोरली, रुमालात गुंडाळली आणि लॉन्ड्रीवर गेल्या. आई आत कपडे भिजवत होती. धाकटी पुढे चादरींच्या घड्या घालत होती.

"बुचं संपली नव्हती," ताई म्हणाल्या.

"माहितीये. डबा टेबलाखालीच होता."

ताईंनी रुमाल पुढे केला. तिने तो उघडलाही नाही, बाजूला ठेवला. चादरीचं दुसरं टोक ताईंच्या हातात देऊन तिने घडी पुरी केली आणि मग बोलली, अगदी शांतपणे.

"पक्ष्याने काही झालं नसतं, ताई. पण सगळे माझ्या पेनाकडे बघत होते. मला वाटलं, मी काहीतरी वाईट केलंय."

ताईंनी पुढची चादर उचलली. येताना माफीची चार वाक्यं जुळवून आणली होती, ती तशीच राहिली. घडी पुरी होता होता मुलगीच म्हणाली, की तिला ब्युरेट जमत नाही आणि सुट्टीत प्रयोगशाळा बंद असते.

त्याच दुपारी ताई माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. मग म्हणाल्या, परवानगी काढून द्या, बाकी मी बघते. मी मुख्याध्यापकांना भेटलो. सुट्टीतले सहा आठवडे, रोज सकाळी आठला, ताई प्रयोगशाळा उघडायच्या. मी आठवड्यातून दोनदा जायचो. बाकीचे दिवस त्या दोघीच. ताईंनी तिला तोटी डाव्या हाताने कशी धरायची ते दाखवलं. इतक्या वर्षांत बघून बघून त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. दोघींमध्ये कामापुरतं बोलणं व्हायचं. मी एकदा विनोद करून बघितला. दोघीही हसल्या नाहीत.

फेरपरीक्षेत ती उत्तम पास झाली. हव्या त्या कॉलेजात अर्थातच जागा नव्हती. दुसरीकडे, लांबच्या कॉलेजात मिळाली. जाण्याआधी ती शाळेत पेढ्यांचा पुडा घेऊन आली, मला दिला, ताईंनाही दिला. "येते," म्हणाली. ताईंनी तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला आणि मग तो टेबल पुसायच्या फडक्याकडे वळवला.

पक्षी ताईंनी पुढेही केले. त्या वर्षापासून मात्र त्या हजेरीपटावरून यादी उतरवून घेत आणि पक्षी झाला की नावापुढे खूण करत. वाटायच्या दिवशी मला शेजारी बसवत. लॉन्ड्रीवरून घर जवळ पडायचं, तरी ताई चौकातून लांबचा वळसा घालून जायच्या.

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी मी एकदा म्हटलं, की ताई, पुरे आता. ती मुलगी केव्हाच विसरली असेल.

"विसरली असेल तर बरंच आहे तिच्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि बाटल्या धुवायला नळाशी गेल्या.