अर्धी राहिलेली प्रार्थना

“नाक घास!”

बीडच्या त्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, सगळ्यांसमोर. आणि मी घासलं. सकाळी मीच पुसलेल्या फरशीवर.

मी तिथं आया होते. ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावरचं सगळं उतरवून ठेवणं माझं काम. माजलगावकडच्या एका आजीच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली, तेव्हा तिनं माझा हात धरला. मी ख्रिस्ती आहे हे तिला मीच बोलता बोलता सांगितलं होतं.

“माझ्या इठ्ठलाला सांगून झालं. आता तुझ्या येसूलाबी सांग. लई भ्याव वाटायलंय गं.”

माळ मुठीत धरून मी डोळे मिटले. दोन वाक्यंही झाली नसतील, तोच तिचा पुतण्या आत आला. गावचा पुढारी.

“माळ काढली हिनं! म्हातारीला बाटवायली!”

मोठ्या सिस्टर धावत आल्या. माळ काढणं माझं कामच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पुतण्याचीच माफी मागितली. पुतण्यानं माझ्या वस्तीचं नाव घेतलं. म्हणाला, “तिथल्या बाया असल्याच.”

आणि मी काय बोलले? काम जाईल, एवढंच डोक्यात.

“म्या काईच केलं न्हाई. आजीच बरळायल्या.”

आजीनं माझ्याकडं पाहिलं. मग पुतण्याला म्हणाली, “व्हय, मीच बरळले. पोरीला काई बोलू नगंस.”

तरी त्यानं नाक घासायला लावलंच. नाकाची आग तासाभरात गेली. आजीचं ते पाहणं जाईना. मरणाच्या भीतीनं तिनं माझ्या देवाचा आधार मागितला आणि मी तिलाच खुळी ठरवलं. जीभ झडली का नाही माझी?

शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, “परार्थना पुरी झालती का गं?”

“झाली,” म्हणाले. तेही खोटं. घरी भाकरीपुढं हात जोडले, तर शब्द फुटेना.

डिस्चार्जच्या दिवशी पुतण्या गाडी घेऊन आला. मी आजीच्या खाटेशी उभी राहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले.

“आजी बरळल्या न्हवत्या. त्यांनी सांगितलं म्हणून मी प्रार्थना करायलते. खोटं मी बोलले.”

सिस्टर दंड धरून ओढायला लागल्या. मी हलले नाही.

“आजी, अर्धी राहिली. करू का पुरी?”

आजीनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

पुतण्या शिव्या देत होता. मी शेवटपर्यंत केली, मोठ्यानं.

काम त्याच दिवशी गेलं. दुसरीकडं विचारतील, आधीचं का सुटलं? सांगेन. तिथंही कुणी हात धरून मागितली, तर करीन. नाक यापुढं कुणापुढं घासणार नाही. आणि स्वतःला वाचवायला कुणा भेदरलेल्या बाईला पुढं करणार नाही.