पाण्याचे एकेचाळीस तास

आमच्या कंपनीत 'पाणी' म्हटलं की प्यायचं पाणी कुणाच्या डोक्यातही येत नाही. लोखंडाला भोक पाडताना ड्रिल तापू नये म्हणून त्यावर जे पांढरट, तेलकट पाणी सोडतात, ते आमचं पाणी. डब्यावर 'कूलंट' छापलेलं असतं, ते डब्यावरच राहतं. वेळेवर बदललं नाही की ते नासतं आणि सडक्या अंड्यांसारखी घाण सुटते. आमच्याकडे ते वेळेवर बदलत नाहीत.

त्या घाणीत लंकाबाई गांगुर्डे अकरा वर्षं उभी आहे. आधी दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायची. मग ठेकेदारामार्फत इथे अंबडला झाडू मारायला आली आणि झाडता झाडता बघून बघून ड्रिल मशीन शिकली. तिच्या हातचा माल परत आलेला मी पाहिलेला नाही, आणि परत आलेल्या मालाची नोंद मीच ठेवतो. बाई फटकळ. सुपरवायझर एकदा म्हणाला, "मावशी, जरा हसत जा." तर म्हणे, "हसायचा येगळा पगार हाय का?" या एप्रिलात ठेक्यावरच्या चौघांना कायम करणार होते. पहिलं नाव लंकाबाईचं, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात सॉफ्टवेअर आलं. कंपनीभरची माहिती एका जागी गोळा करायची आणि मालकाला भिंतीवरच्या पडद्यावर आकड्यांच्या रंगीत गोल चकत्या दाखवायच्या, हे त्याचं काम. आमच्या मालकांना, राकेशशेठना, त्या चकत्यांचं असं काही वेड लागलं की त्यांनी खाली मशीनवर येणंच सोडलं. लंकाबाईच्या मशीनचा पाण्याचा पंप बदलायचा अर्ज सहा महिने त्यांच्या टेबलावर पडून होता. पडदा मात्र आठवड्यात बसला.

मशीन किती वेळ आणि का बंद राहिलं, हे ऑपरेटर कागदावर लिहायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवायचो. बंद राहण्याचं कारण सॉफ्टवेअरला इंग्रजीतच लागायचं. लंकाबाईच्या कागदावर रोज एकच शब्द, 'पाणी'. पंप पाणी ओढायचा नाही, म्हणून ती मशीन थांबवून बादलीने आणून ओतायची. मी सगळीकडे 'वॉटर' टाईप केलं. पाणी म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. पण कूलंटचं स्पेलिंग आठवेना, आणि बघायचा कंटाळा आला. हे सांगताना मला माझीच किळस येते.

मार्चच्या मीटिंगमध्ये सॉफ्टवेअरवाल्या अंजली मॅडमनी लंकाबाईची चकती लावली. महिन्यात एकेचाळीस तास मशीन बंद.

"वॉटर म्हणजे पाणी प्यायला जाणं," मॅडम म्हणाल्या, "म्हणून ते आम्ही कामगारांच्या खासगी वेळेत धरलंय."

"एकेचाळीस तास?" राकेशशेठ म्हणाले. "बाई आहे की उंट?"

सगळे हसले. मीही हसलो. तोंड उघडलं असतं तर चूक माझी निघाली असती, म्हणून दात काढून गप्प बसलो. लंकाबाईचं नाव कायम करायच्या यादीतून कटलं.

दुसऱ्या दिवशी ती वर शेठच्या खोलीत आली, तेव्हा मॅडम आणि मी तिथेच होतो. हातात तिचा स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. तो तिने शेठच्या टेबलावर ठेवला.

"मी एकेचाळीस तास पाणी पिले म्हणं. हे घ्या, त्येच पाणी हाय. एक घोट घ्या शेठ."

खोलीभर घाण पसरली. मॅडमनी नाकाला रुमाल लावला, शेठ खुर्चीसकट मागे सरकले.

"वास येतो का? मी अकरा वरीस ह्याच्यात हात घालून हाय."

आता मात्र मला राहवलं नाही. "शेठ, चूक माझी आहे. मला कूलंटचं स्पेलिंग येत नव्हतं, म्हणून मी वॉटर लिहिलं."

शेठनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, की पुढच्या महिन्यापासून बदलता येईल, मागचे महिने लॉक झालेत. "आणि यादीवर सह्याही झाल्यात," शेठ म्हणाले. "बघू पुढच्या वर्षी. तो पेला उचला आधी." मला एका शब्दानेही कुणी रागावलं नाही. बाईचं वर्ष गेलं आणि तिथे घाई होती ती पेला हलवायची. थू!

लंकाबाईने पेला उचलला. तो घेऊन ती खाली गेली.

पंप अजून तोच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा कागद माझ्याकडे आला, तर 'पाणी' कुठेच नव्हतं. प्रत्येक ओळीत कूलंट लिहिलं होतं, इंग्रजीत, एकेक अक्षर गिरवल्यासारखं. स्पेलिंग बरोबर.

"सृष्टीकडून शिकून आले," ती म्हणाली. सृष्टी तिची धाकटी, सातवीत आहे. "तुमाला अवघड जातं ना भाऊ, म्हणून."