किळसवाणं ते आधी

डुकरांच्या शेडमध्ये बावीस वर्षं काढूनही थोरलीला घाणीची सवय म्हणून झाली नाही. सगळे तिला नाकमुरडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हाताऱ्या डुकरिणींच्या कप्प्यातली ती काळपट, चिकट घाण फावड्यावर घेताना ती तोंड फिरवायची. म्हणून तिने नेमच करून टाकला होता: किळसवाणं ते आधी उरकायचं. आधी म्हाताऱ्या, मग बाकीचे कप्पे, शेवटी पिल्लं. पिल्लांकडे कोरडं आणि ऊबदार असायचं. तिथलं झाडून झालं की हात खसाखसा धुऊन ती डबा उघडायची. या शिस्तीचा तिला भारी तोरा होता.

त्या वर्षी पिल्लं अंग धरेनात. पोटं टम्म, पाठीची हाडं वर आलेली, खोकून खोकून बेजार. एके सकाळी एका पिल्लाच्या मागून वीतभर लांब, पांढरट जंत लोंबताना तिने पाहिला. जिवंत होता मेला, वळवळत होता! ती भिंत धरून भडाभडा ओकली.

तोंड पुसता पुसताच तिने गुन्हेगार ठरवला: तिची धाकटी जाऊ. पिल्लांचं खाद्य धाकटी कालवायची आणि तिचा सगळाच कारभार अघळपघळ. खाद्याची बादली कुठेही टेकवायची, हात पदराला पुसायची. थोरलीने शेडच्या मालकाचे कान भरले. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचाच दीर, अंथरुणाला खिळलेला होता आणि ते घर या एका नोकरीवर चाललं होतं. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं, तरी तिची जीभ अडली नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खाद्य तपासलं, ते स्वच्छ निघालं. बादलीचं बूड बाहेरून खरवडून तो मळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाल्या, "जंतांची अंडी आहेत."

मालक धाकटीकडे वळले. "उद्यापासून येऊ नकोस."

"अहो, बुडाला आहेत, म्हणजे जमिनीवरची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी अंडी मोठ्या जनावरांच्या घाणीत असतात. नुसत्या पाण्याने मरत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. पिल्लांच्या जमिनीवर ती आणली कोणी?"

धाकटी पिल्लांच्या कप्प्यात जाऊन आपली पिशवी भरायला लागली. थोरलीने खाली, स्वतःच्या गमबुटांकडे पाहिलं. वरून ते लख्ख होते. तळ मात्र तिने कधी धुतलेच नव्हते, कारण ते उलटे करून बघायचीच तिला शिसारी यायची. तिने एक बूट ओढून काढला आणि डॉक्टरीणबाईंपुढे उलटा धरला. खाचाखाचांत ती काळी घाण थापून बसली होती.

"यातली घ्या," ती म्हणाली. "मालक, बादलीचा काही दोष नाही. मी आधी म्हाताऱ्या झाडते. मग याच बुटांनी पिल्लांत जाते. रोज."

काचेच्या पट्टीवर अंडीच अंडी होती. थोरलीने स्वतः डोळा लावून पाहिली. ती तशीच एका पायात बूट घालून धाकटीची पिशवी धरायला पुढे झाली.

धाकटीने पिशवी दिली नाही. ती पिल्लांच्या दारात आडवी उभी राहिली.

"ताई, तिथेच थांबा," ती म्हणाली. "त्या बुटाने आत येऊ नका."

थोरली थांबली.