डफडं तू आण

आमच्या लातूरच्या घरात पिंपात पाणी किती उरलंय हे बघायला कुणी झाकण उघडत नाही. पिंपावर वरपासून खाली टकटक करत यायचं. आवाज बदलून बद्द झाला की तिथवर पाणी. टँकरच्या उन्हाळ्यांनी शिकवलेली ही विद्या. माझी आठवीतली लेक हे बघतच वाढली, त्यामुळे शाळेत ध्वनीचा धडा सुरू झाला तेव्हा तिला चेवच चढला. डास भुंग्यापेक्षा पंख भराभर हलवतो म्हणून त्याचा आवाज बारीक, शेळीपेक्षा म्हशीचा आवाज जाड, असलं ज्ञान ती मला पोळ्या लाटताना पाजायची.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं स्टीलचे सारखे डबे घेतले, त्यांत कमी-जास्त पाणी भरलं आणि चमच्यानं वाजवून बघितलं. पाणी कमी तर आवाज बारीक, जास्त तर जाड. दोन दिवस कान किटले माझे, पण पोरगी खुलली होती.

तिसऱ्या दिवशी ती शाळेतून आली आणि डबे मुकाट्यानं ओतून ठेवायला लागली. म्हणाली, "सर म्हणले, डबे नको. डफडं तू आण. तुमच्यात असंलच कुणाकडं तरी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. भोकरकडच्या आमच्या गावात माझे आजोबा डफडं वाजवून दवंडी देत. कातडं सर्दावलं की आवाज बसतो, विस्तवावर शेकलं की ताणून खणखणीत होतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं. बाबासाहेबांच्या मागं धम्मात आले, त्याच आठवड्यात आजोबांनी ते कातडं चुलीत घातलं. वाद्यावर त्यांचा राग नव्हता. गावानं हाक मारली की गळ्यात अडकवून धावायचं, याचा होता. तेव्हापासून आमच्या घरात कुणी डफड्याला शिवलं नाही, आणि हा बाबा माझ्या लेकीला म्हणतो, आण!

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस गोडबोल्या.

"मॅडम, तुम्ही उगंच मनाला लावून घेऊन राहिलात. लोककला हाय ती. मी तर कौतुकानं म्हणलो."

"बाकीच्या पोरांनी काय आणायचं ते कुणी ठरवलं?"

"ज्याचं त्यानं."

"मग हिचंच तुम्ही का ठरवलंत?"

सरांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मी म्हणाले, "एवढं कौतुक असंल तर तुम्ही घ्या गळ्यात. वाजवा. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते." शिक्षकांच्या खोलीत एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. शेवटी सर म्हणाले, "बरं, डबेच आणू द्या." कौतुक म्हणे! असलं कौतुक आमच्या वाट्याला फार आलंय.

परत येताना गाडीवर मागं बसलेल्या लेकीनं विचारलं, "आई, सरांना कसं कळलं गं? मी तर वर्गात कधीच काही सांगितलं नव्हतं."

खोटं बोलवेना. म्हणाले, "आडनावावरून."

घरी गेल्यावर ती पुन्हा डब्यांत पाणी भरायला बसली. मला वाटलं, विसरली असेल.

प्रदर्शनाला मी मोठ्या तोऱ्यात गेले. तिच्या टेबलाभोवती पोरं जमली होती, डबे सुरात वाजत होते, सरसुद्धा मान डोलवत होते. मी जिंकले होते की! मग डब्यांपुढं उभी केलेली पुठ्ठ्याची पाटी दिसली. सगळ्या टेबलांवर पोरांची पूर्ण नावं होती. हिनं फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि पाटी उचलली. तिनं माझा हात धरला.

"असू दे ना आई," ती हळूच म्हणाली. "लोक बघून राहिलेत."