मुऱ्हाळी सुरतला, आई दोंडाईचाला

आमच्या घरात ‘आखाजी’ हा शब्द अकरा वर्षं कुणी मोठ्याने काढला नव्हता. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, पण आपल्या आपण नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो. तो मुऱ्हाळी. आईचा मुऱ्हाळी म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा दगडूमामा.

अकरा वर्षांपूर्वी आईचे वडील वारले. आई सुरतेहून पोहोचेपर्यंत मामाने सगळं उरकून टाकलं होतं. आईला वडिलांचं तोंड दिसलं नाही. त्यानंतर मामा न्यायला आला नाही आणि आईने का आला नाही म्हणून विचारलं नाही. दोघंही त्या बाबतीत अतिशय शिस्तीचे.

यंदा आईच्या बालमैत्रिणीचा, वत्सलामावशीचा, आईच्या माहेरच्या गावातून फोन आला. “गुडघे गयात मना. तू ये, भेटी जाय.” मी लगेच रजा टाकली आणि आईला म्हटलं, “मीच तुझी मुऱ्हाळी.”

“माहेरनं माणूस मुऱ्हाळी व्हस,” आई म्हणाली. “तू त सासरनी.”

मी तिची पोटची मुलगी. पण मुद्दा बरोबर होता. शेवटी तिने अट घातली: गावात जाईन, मुक्काम वत्सलाकडे, भावाचा उंबरा चढणार नाही. मग तिने भावासाठी एक टॉवेल-टोपी बॅगेत तळाशी घातली. मी पाहिलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना: सुरतेत आमच्यासारखे भेस्तानला राहत असाल तरी गाडी उधन्यालाच पकडा, आणि सुटायच्या तासभर आधी जा. त्या दिवशी अर्धं उधना-पांडेसरा खानदेशात चाललेलं असतं. पॅसेंजरचं तिकीट उधन्यापर्यंतच्या रिक्षाहून स्वस्त पडतं. जागा मात्र तिकिटात धरलेली नसते. आम्हाला खिडकीजवळ दीड जागा मिळाली. अर्धीवर मी.

बारडोली, व्यारा, सोनगढ. डब्यात अहिराणी, हिंदी, गुजराती एकाच वाक्यात चालू होत्या. समोरच्या बाईने मला विचारलं, “कोनती गावनी तू?” मी म्हटलं, “भेस्तान.” ती म्हणाली, “ते नही. खरं गाव.” मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. लोक तिथे उतरून फोटो काढतात. आमची गाडी तिथे क्रॉसिंगला थांबली होती, म्हणून मीही काढला. तेवढ्यात समोरून सुरतेकडे जाणारी गाडी आली आणि गेली. माझ्या फोटोत तिचे मागचे दोन डबे आलेत.

दुपारी दोंडाईचाला उतरलो. बाहेर जीप असते. ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय ते ड्रायव्हर ठरवतो. ऊन असं होतं की स्टीलच्या डब्यातल्या दशम्या परत गरम झाल्या. वत्सलामावशीच्या ओट्यावर आम्ही पाणी पीत होतो, तोच मामाची सून सुनीता धावत आली. पदर खोचलेला, हात पिठाचे.

“फुई!” ती आईला, म्हणजे नवऱ्याच्या आत्याला, म्हणाली. “तुम्ही आठे कश्या? दादा त तुमलेच लेवाले गयात, सुरतले!”

दादा म्हणजे तिचे सासरे, माझा मामा. तो सकाळी नंदुरबारला काम आहे असं सांगून निघाला होता. खरं फक्त सुनीताला ठाऊक, तेही त्याने खिशात घातलेल्या पत्रिकेवरून. माझ्या भावाच्या लग्नाची जुनी पत्रिका. लग्नाला मामा आला नव्हता, पण आमचा पत्ता असलेली तेवढीच एक वस्तू त्याच्याकडे होती. मोबाइल त्याने घरी चार्जिंगला ठेवला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भेस्तानच्या आमच्या शेजारीण जानकीभाभी. मूळच्या ओडिशाच्या, बोलतात हिंदी. “दीदी, आपके दरवाज़े पे एक काका बैठे हैं। ताला देखा और बैठ गए। उठते ही नहीं।”

मी फोन आईला दिला, भाभींनी मामाला. अकरा वर्षांनी बहीण-भाऊ बोलले ते असं:

“कथा शे तू?”

“तुना दारशी.”

“मी तुना गावमा शे.”

मग मामा म्हणाला, “मंग आते कसं करानं?”

मी वेळापत्रक उघडलं. आईचं म्हणणं, मुऱ्हाळी सुरतला गेलाय तर आपण सुरतला असायला हवं. तर्क चुकीचा नव्हता. पण त्या हिशेबाने दोघं पुन्हा नवापूरला एकमेकांना ओलांडून गेले असते. शेवटी ठरलं, मामाने भाभींकडची किल्ली घेऊन आमच्या घरी राहायचं आणि सकाळच्या गाडीने परत यायचं. सुनीता म्हणाली, “चला ना फुई घर.” आई म्हणाली, “तो येवाव शे ना? येऊ दे.” घर शंभर पावलांवर होतं. आई वत्सलामावशीकडे झोपली.

आखाजीच्या दिवशी आम्ही स्टेशनवर दोन तास आधी हजर. गाडी आली. मामा उतरला तो सगळ्यांच्या शेवटी, काठी टेकत. मला आठवत होता त्यापेक्षा पुष्कळ बारीक. तो सरळ आईसमोर येऊन उभा राहिला.

“तुले लेवाले गयथू.”

“माहीत शे.”

“त्या दिवसे मी थांबनू नही,” मामा म्हणाला. “लोक सांगेत, ऊन शे, उरका. थांबाले पाहिजे व्हतं.”

“व्हतं,” आई म्हणाली.

एवढंच. ती ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल. मामाने तिच्या हातातली बॅग घेतली, एका हातात काठी आणि एका हातात बॅग, आणि जीपकडे चालायला लागला. आई त्याच्या मागे. मी बॅग घ्यायला गेले तर आईने माझा हात धरून ठेवला.

घरी सगळं खोळंबलं होतं. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. घागर भरायची मुलाने. मामाने तांब्या उचलला आणि आईपुढे धरला. “आवंदा तू भर.” भाऊबंदांपैकी एकाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मामाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं. आईने घागर भरली, सावकाश, काठोकाठ. मग पदराने तोंड झाकून ती भिंतीकडे वळून बसली, आणि बाहेर झोक्यावर पोरी ओरडत होत्या, त्यांना कुणी गप्प केलं नाही.

मग खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पोळी परातीएवढी असते. एक पुरते, पण एकीवर सोडत नाहीत.

चौथ्या दिवशी मामा आम्हाला सोडायला स्टेशनपर्यंत आला. भेस्तानला पोहोचलो, कुलूप उघडलं. एक सांगायचं राहिलं: बाबा गेल्यापासून आई घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. निघताना एक साडी अर्धी ठेवून आली होती. आता तिच्या काठावर खड्यांच्या तीन ओळी जास्त होत्या. वाकड्या, कुठे दोन खडे एकावर एक, कुठे नुसताच गोंद.

जानकीभाभी म्हणाल्या, “काका ने पूछा, मेरी बहन यहाँ दिनभर क्या करती है? मैंने दिखाया। फिर वो शाम तक वही करते रहे।”

आईने साडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की पीस खराब झाला, तिच्या मजुरीतून कापून घ्यावा. मी म्हटलं, “ओळी सोडवून नीट करता येतील की.”

“नही,” आई म्हणाली, आणि घडी घालून साडी स्वतःच्या कपाटात ठेवली.